देखरेख, पर्यवेक्षण, नियंत्रण, नियमन: या शब्दांत फरक काय? पनवेलच्या उदाहरणांतून समजून घ्या

खारघर किंवा कामोठ्यात राहणाऱ्या माणसाला घरासमोरच्या रस्त्याची तक्रार करायची असेल, तर पहिला प्रश्न पडतो, रस्ता सिडकोचा की महापालिकेचा? दोन्हीकडे विचारलं की उत्तरात असे शब्द येतात: ‘नियंत्रण आमचं नाही’, ‘देखभाल त्यांच्याकडे’, ‘हस्तांतरण बाकी आहे’. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळे एकच सांगतायत आणि टोलवतायत.

टोलवाटोलवी होतेच. पण हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. काम कोण करतं, करणाऱ्यावर लक्ष कोण ठेवतं आणि चुकलं तर जाब कुणाला विचारायचा, हे त्या शब्दांवरूनच ठरतं. पनवेलमध्ये गेल्या दहा वर्षांत कारभाराच्या इतक्या व्यवस्था बदलल्या, की हे शब्द समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा सापडणार नाही.

सगळे ‘पाहणारे’च, पण कुठून?

निरीक्षक, अधीक्षक, पर्यवेक्षक, परीक्षक हे चारही शब्द संस्कृतमधल्या ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या एकाच धातूपासून आले. फरक आहे तो पुढे लागलेल्या उपसर्गाचा. अधीक्षक वरून पाहतो, तर पर्यवेक्षक सगळीकडून खाली पाहतो. निरीक्षक बारकाईने पाहतो आणि परीक्षक सर्व बाजूंनी तपासून पाहतो.

रोजच्या मराठीत मात्र ‘देखरेख’, ‘लक्ष ठेवणं’, ‘नजर ठेवणं’ हेच शब्द चालतात. गंमत म्हणजे लक्ष सुटलं की ‘दुर्लक्ष’ आणि नजर हुकली की ‘नजरचूक’ होते. इंग्रजीत तर ‘ओव्हरसाइट’ या एकाच शब्दाचे देखरेख आणि नजरचूक असे दोन्ही अर्थ होतात.

हे शब्द आले कुठून?

मराठीतल्या जुन्या कारभाराच्या शब्दांवर अरबी-फारसीची छाप आहे. मुकादम, हवालदार, कारकून हे त्यातलेच. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापती.

दुसरी मोठी लाट महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर आली. १९६० मध्ये भाषा संचालनालय सुरू झालं आणि सरकारी पदांना मराठी नावं देणारा पदनाम कोश निघाला. त्यातले शब्द बोजड आहेत म्हणून तेव्हा टीकाही झाली. आचार्य अत्रे यांनी त्याची ‘बदनाम कोश’ अशी खिल्ली उडवली होती. पण आयुक्त, संचालक, अधीक्षक हे शब्द आज सगळ्यांच्या तोंडी आहेत.

पर्यवेक्षण: हातात काम नाही, पण कामावर नजर

पर्यवेक्षक स्वतः काम करत नाही, दुसऱ्याचं काम नीट होतंय ना हे पाहतो. महापालिकेच्या सफाईत हे स्पष्ट दिसतं. रस्ता झाडतो तो सफाई कामगार. त्याची हजेरी घेतो तो मुकादम. मुकादमाच्या वर स्वच्छता निरीक्षक असतो.

एकाच शब्दाचा अर्थ जागेनुसार बदलतो हेही लक्षात घ्यायला हवं. शाळेत ‘पर्यवेक्षक’ हे मुख्याध्यापकांच्या हाताखालचं पद आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत मात्र वर्गात कॉपीवर लक्ष ठेवणारा शिक्षक ‘पर्यवेक्षक’ असतो. अंगणवाडीत ‘पर्यवेक्षिका’ अनेक अंगणवाड्यांचं काम पाहते आणि तिच्या वर बालविकास प्रकल्प अधिकारी असतात.

व्यवस्थापन, नियंत्रण आणि नियमन: विमानतळाचं उदाहरण

या तीन शब्दांची सर्वांत जास्त सरमिसळ होते. पनवेल तालुक्यातला नवी मुंबई विमानतळ पाहिला की फरक कळतो. विमानतळाचं उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली.

व्यवस्थापन म्हणजे रोजचा कारभार चालवणं. टर्मिनल, पार्किंग, स्वच्छता, दुकानं हे सगळं यात येतं. ते काम एका कंपनीकडे आहे, जिच्यात अदानी समूहाचा ७४ टक्के आणि सिडकोचा २६ टक्के वाटा आहे.

नियंत्रण म्हणजे त्या क्षणी आदेश देण्याचा अधिकार. कोणतं विमान कधी उतरणार, कधी उडणार हे हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष ठरवतो आणि तो भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा असतो. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला त्यात आदेश देता येत नाही.

नियमन म्हणजे नियम घालून देणं आणि ते पाळले जातात की नाही हे तपासणं. उड्डाणाच्या सुरक्षिततेचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय पाहतं. प्रवाशांकडून किती शुल्क घ्यायचं, हे मोठ्या विमानतळांसाठी वेगळं आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवतं.

नियामक स्वतः विमानतळ चालवत नाही आणि चालवणारा स्वतःचे नियम ठरवत नाही. ही फारकत मुद्दाम केलेली असते. दोन्ही भूमिका एकाच हातात आल्या, तर चूक झाल्यावर ती दाखवणारं कुणी उरत नाही.

सिडको आणि महापालिका: दोन छत्र्या, एक नागरिक

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महापालिका झाली. रायगड जिल्ह्यातली ही पहिलीच महापालिका. जुन्या शहरासोबत आसपासची गावं आणि सिडकोने वसवलेल्या खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल या वसाहती तिच्या हद्दीत आल्या.

सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. ती राज्य सरकारच्या मालकीची कंपनी आहे. म्हणून तिथे महापौर किंवा आयुक्त नसतात, ‘व्यवस्थापकीय संचालक’ असतात. हा फरक फक्त नावाचा नाही. महापालिकेत लोकांनी निवडलेलं सभागृह असतं, कंपनीत नसतं. सिडकोच्या कारभारावर नाराज असलेल्या माणसाला सिडकोसाठी मत देता येत नाही.

महापालिका झाली त्या दिवशी हद्द बदलली, पण रस्ते, उद्यानं, कचरा, गटारं या सेवा एका रात्रीत बदलल्या नाहीत. त्यांचं ‘हस्तांतरण’ पुढची काही वर्षं टप्प्याटप्प्याने होत राहिलं. महापालिकेने मालमत्ता कराची बिलं पाठवली ती मात्र स्थापनेच्या तारखेपासूनची, म्हणजे पूर्वलक्षी. रहिवाशांचं म्हणणं असं, की त्या काळात सेवा सिडको देत होती आणि सेवाशुल्कही तिलाच भरलं, मग दुहेरी भार कशासाठी? हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. हद्द एकाची आणि देखभाल दुसऱ्याची असली, की त्याची किंमत नागरिक मोजतो.

महापालिकेबाहेरच्या गावांत आणखी एक शब्द भेटतो, ‘विशेष नियोजन प्राधिकरण’. २०१३ पासून ‘नैना’ क्षेत्रात सिडकोची ही भूमिका आहे. गावात ग्रामपंचायत आणि सरपंच असले, तरी तिथल्या बांधकामाच्या परवानगीसाठी सिडकोकडे जावं लागतं.

महापौर, आयुक्त आणि प्रशासक

नगरपालिका असताना पनवेलमध्ये नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी होते. महापालिका झाल्यावर महापौर आणि आयुक्त आले. महापौर हा शहराचा पहिला नागरिक आणि सभागृहाचा अध्यक्ष. पण अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करतं.

मग आयुक्तांवर देखरेख कुणाची? सर्वसाधारण सभा आणि १६ सदस्यांच्या स्थायी समितीची. मोठ्या खर्चाचे प्रस्ताव प्रशासन मांडतं आणि मंजुरी स्थायी समिती देते. मुख्य लेखापरीक्षक हिशेब तपासून समितीला अहवाल देतो. मांडणारा, मंजूर करणारा आणि तपासणारा वेगवेगळे असावेत, ही यामागची कल्पना.

पनवेलच्या पहिल्या सभागृहाची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली. आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादांत राज्यभरातल्या निवडणुका रखडल्या आणि आयुक्तच ‘प्रशासक’ झाले. प्रशासकाकडे सभागृह आणि स्थायी समिती या दोघांचेही अधिकार येतात. म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि त्याला मंजुरी देणारा एकच झाला. पुढची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधली साडेतीन वर्षं शहरात कारभार होता, पण त्यावर देखरेख करणारे नगरसेवक नव्हते.

अधीक्षक की आयुक्त? अतिरिक्त की प्रभारी?

रायगड जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक अलिबागला बसतात. पण रायगडमध्ये असूनही पनवेल शहर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतं. त्यामुळे पनवेलकर जमिनीच्या कामासाठी रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि पोलिसांबद्दलच्या तक्रारीसाठी नवी मुंबईकडे.

महापालिकेत उतरता क्रम असा: आयुक्त, अतिरिक्त आयुक्त, उपायुक्त, सहायक आयुक्त. ‘प्रभारी’ हा मात्र दर्जा नाही. मूळ अधिकारी नसताना पदाचा भार तात्पुरता सांभाळणारा तो प्रभारी.

‘पालकमंत्री’ हे पद राज्यघटनेत नाही. पण जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे असतं, म्हणजे जिल्ह्याच्या निधीवर त्यांचं लक्ष असतं. जानेवारी २०२५ मध्ये रायगडच्या पालकमंत्रिपदाची घोषणा झाली आणि वादामुळे लगेच तिला स्थगिती द्यावी लागली, त्याचं कारण यात शोधता येतं.

तक्रार करताना काय लक्षात ठेवाल?

‘कुणाचं काम आहे?’ एवढंच विचारून थांबू नका. तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. मालकी कुणाची? देखभाल कुणाकडे? आणि पर्यवेक्षण करणारा अधिकारी कोण, म्हणजे त्याचं पदनाम काय?

उत्तर लेखी हवं असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी बिघडत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ६(३) नुसार तो अर्ज ५ दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवणं हे त्या कार्यालयाचंच काम आहे. दाखला किंवा परवानगी अडली असेल, तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यातला ‘पदनिर्देशित अधिकारी’ हा शब्द लक्षात ठेवा. ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याची जबाबदारी त्या अधिकाऱ्याची असते आणि सेवा मिळाली नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

‘हे आमच्या नियंत्रणात नाही’ असं उत्तर मिळालं, तर पुढचा प्रश्न तयार ठेवा: मग कुणाच्या, आणि त्यांच्यावर देखरेख कुणाची?