ऑईल कधी बदलायचं, हे गाडीला कुणी शिकवलं?

जालना रोडने मुकुंदवाडीवरून पूर्वेला निघालात आणि चिकलठाणा मागे टाकलंत की पुढे शेंद्रा एमआयडीसी लागते. तिथे २००१ साली स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली. तेव्हाच्या औरंगाबादला चारचाकीचं हे अप्रूपच होतं. त्याआधी इथली ओळख म्हणजे वाळूजचा बजाजचा कारखाना, १९८५ सालचा. आणि गंमत बघा, जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरला इंजिन ऑईल बदलायची भानगडच नव्हती! ऑईल पेट्रोलमध्ये मिसळायचं, ते जळून धूर व्हायचं. बदलायचं ते फक्त गिअर ऑईल.

फोर-स्ट्रोक इंजिनात मात्र तेच ऑईल फिरत राहतं, म्हणून ते कधी बदलायचं हा प्रश्न येतो. त्याचं जुनं उत्तर म्हणजे मेकॅनिकने काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेलं स्टिकर. पुढचा बदल अमुक किलोमीटरला. नाहीतर डिपस्टिक काढायची, थेंब दोन बोटांत चोळायचा आणि "काळं झालंय साहेब" म्हणायचं. डिझेल गाडीत या परीक्षेला काही अर्थ नाही. तिथे नवं ऑईलसुद्धा लवकरच काळं होतं, कारण काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

पण किलोमीटर तरी कुठे खरं सांगतात? मुकुंदवाडीहून रोज क्रांती चौकापर्यंत सिग्नल-सिग्नल थांबत जाणारी गाडी आणि एका दमात पुण्याला जाणारी गाडी, दोघींचे हजार किलोमीटर सारखे कसे असतील? थंड इंजिनात छोट्या फेऱ्या मारल्या की पाणी आणि न जळलेलं इंधन ऑईलमध्ये उतरतं. उलट फार तापलं की त्यातली रसायनं झिजतात. बीएमडब्ल्यूने १९८२ च्या थ्री सिरीजमध्ये डॅशबोर्डवर हिरव्या दिव्यांची रांग दिली. गाडी चालेल तसे दिवे एकेक करून कमी होणार, मग पिवळा, मग लाल. मोजणी अंतराबरोबरच इंजिनाचे फेरे आणि कूलंटचं तापमान धरून व्हायची.

माझ्या मते खरी भारी गोष्ट जनरल मोटर्सची. तिथल्या शर्ली श्वार्ट्झ (या केमिस्ट) आणि डोनाल्ड स्मोलेन्स्की यांनी गाड्या वेगवेगळ्या प्रकारे चालवून ऑईलची तपासणी केली: निवांत हायवे, शहर, जड ओझं आणि उष्णता, कडाक्याच्या थंडीतल्या छोट्या फेऱ्या. १९८७ मध्ये त्यांनी पेपर मांडला आणि १९८८ च्या ओल्ड्समोबाईलमध्ये ती सिस्टीम आली. ऑईलमध्ये सेन्सर नाहीच! एक काउंटर. सुरुवातीला ठरावीक फेरे शिल्लक; प्रत्येक फेऱ्याला एक वजा, आणि ऑईल फार थंड किंवा फार गरम असेल तर दंड म्हणून जास्त वजा. कोड लिहिणाऱ्याला हे बघून हेवा वाटावा :) शून्य झालं की दिवा. पुढे १९९० च्या दशकाच्या शेवटी मर्सिडीजने ऑईलमध्येच सेन्सर बुडवून बघितला, पण बहुतेकांनी हिशेबावरच भागवलं.

असो, शेंद्र्याकडे वळू. ऑक्टाव्हिया ज्या फोक्सवॅगन गटाची, त्याने साधारण २००० पासून युरोपात 'लाँगलाईफ' आणलं. चालवण्याची पद्धत बघून गाडीच मुदत ठरवणार: पेट्रोलला जास्तीत जास्त ३०,००० किमी किंवा दोन वर्षं, काही डिझेलना ५०,००० पर्यंत. आपल्याकडच्या गाड्यांना मात्र ठरावीक किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. म्हणजे डॅशबोर्ड जर्मन आणि हिशेब स्टिकरवालाच! मला हे चुकीचं वाटत नाही. आपला उन्हाळा, धूळ आणि ट्रॅफिक बघता लांबलेली मुदत धोक्याचीच. त्यात लाँगलाईफला खास दर्जाचं ऑईल लागतं, ते गावोगावी मिळायला हवं ना?

आणि नेमकी मेख इथेच आहे. या काउंटरला ऑईल कोणतं भरलंय ते कळत नाही. २००५ मध्ये आलेल्या लॉराच्या १.९ टीडीआय इंजिनाला फोक्सवॅगनच्या ५०५.०१ दर्जाचं ऑईल हवं असायचं, कारण त्यात इंजेक्टरसुद्धा कॅमशाफ्टच दाबतो आणि कॅमवर भयंकर ताण येतो. साधं डिझेल ऑईल घातलं तर कॅम झिजतो, दिवा मात्र शांत. ऑईल न बदलता नुसतं रिसेट केलं तरी गाडी बिनतक्रार नव्याने मोजायला लागते. त्यामुळे जुनी लॉरा घेत असाल तर दिवा बंद आहे म्हणून खूश होऊ नका, जुनी बिलं मागा आणि त्यावर ५०५.०१ किंवा त्याजागी आलेला ५०७.०० हा आकडा आहे का ते बघा.