पुरलेले धन आणि न दिलेली वर्दी

नांगराचा फाळ हंड्याला अडावा आणि हंडा सुवर्णनाण्यांनी भरलेला निघावा, ही आपल्या कथांतील आवडती कल्पना. परंतु कथा जेथे संपते तेथे कायदा सुरू होतो. असे बेवारशी धन ज्यास सापडले त्याने काय करावे? आणि त्याने मौन धरले तर?

हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांस नवा नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निधीची खबर देणाऱ्यास सहावा हिस्सा सांगितला आहे; गुपचूप घेणाऱ्यास मात्र एक हजार पण दंड. याज्ञवल्क्य स्मृतीचा निर्णयही तसाच : राजास न कळविलेला निधी उघडकीस आला, तर तो काढून घ्यावा आणि वर दंड करावा. चालुक्यांच्या कल्याण नगरीत, म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने आपली प्रसिद्ध मिताक्षरा लिहिली ती याच स्मृतीवर.

इंग्रजी अमदानीत १८७८ साली भूमिगत धनाचा कायदा झाला. दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास कलेक्टरास लेखी वर्दी द्यावी, ते सरकारी खजिन्यात ठेवावे अथवा जामीन द्यावा, असे त्याने बंधन घातले. कोणी वारस न ठरल्यास आणि दुसरा करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्यास आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकास मिळावयाचे. वर्दी न देणाऱ्याचा हिस्सा मात्र सरकारजमा होई. शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ओळख बुजावी म्हणून धनाचे रूप पालटणे हाही तितकाच अपराध ठरला.

या शेवटच्या कलमाचे मोल इतिहासाच्या अभ्यासकास विशेष कळते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उठविलेला होता. क्षत्रपावरील सातवाहनाच्या विजयाचा हा धातूवरील दाखला. ती नाणी मुशीत गेली असती, तर उरली असती केवळ चांदी.

ही भीती काल्पनिक नाही. १९४६ साली भरतपूर संस्थानात बयानाजवळ गुप्त सम्राटांच्या सुवर्णनाण्यांचा मोठा साठा निघाला. त्यांतील काही नाणी वितळविली गेली. १,८२१ हाती आली. डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी त्यांची सूची १९५४ साली प्रसिद्ध केली. तोवर ज्ञात नसलेला चंद्रगुप्त द्वितीयाचा 'चक्रविक्रम' प्रकार याच साठ्यात मिळाला. जी वितळली त्यांत असे आणखी काय होते, हे आता कोण सांगणार?

तेव्हा हा दंड केवळ राजाच्या लोभापोटी नव्हता. पण नुसत्या दंडाने माणूस बोलका होत नाही. कधी भयानेच तो मूस पेटवितो. म्हणूनच जुन्या शास्त्राने आणि नव्या कायद्याने शिक्षेच्या शेजारी हिस्सा ठेवला. खरे बोलणाऱ्याचे नुकसान होत नाही, ही खात्री पटली की जमिनीतला इतिहास आपण होऊन वर येतो.