दिलासा रकमेची कुळकथा

भूसंपादनाच्या निवाड्यात जमीन, झाडं, विहीर, घर यांच्या किमती मांडून झाल्या की खाली आणखी एक रक्कम येते: दिलासा रक्कम. ती कशाचीही किंमत नसते. मालकाला विकायचं नव्हतं, तरी जमीन घेतली, याबद्दल सरकार हे पैसे देतं.

हिचं मूळ इंग्लंडात सापडतं. रेल्वे आणि कालवे काढणाऱ्या कंपन्यांनी सक्तीने जमिनी घ्यायच्या त्या कशा, याचे नियम तिथे 1845 च्या कायद्याने एकत्र केले. जादा रकमेचा त्यात उल्लेख नव्हता. पण भरपाई ठरवणारे लवाद किमतीवर 10 टक्के चढवून देऊ लागले आणि त्याची वहिवाट पडली.

हिंदुस्थानात कंपनी सरकारने 1824 मध्ये बंगालपुरते नियम केले आणि 1857 मध्ये आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच कायदा आणला. भरपाईवर एकमत झालं नाही, तर प्रकरण लवादाकडे जाई. 1870 च्या कायद्याने हे वाद दिवाणी न्यायालयाकडे नेले आणि बाजारभावावर 15 टक्के देण्याची तरतूद केली. इंग्लंडात जी नुसती वहिवाट होती, ती इथे कलमात आली. 1894 च्या कायद्याने हे 15 टक्के कायम ठेवले.

पैसे वाढवून मिळण्यासाठी भांडता येई. जमीनच द्यायची नाही, असं म्हणायला मात्र जागा नव्हती. 1921 मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचे शेतकरी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला उभे राहिले ते दरासाठी नव्हे, जमीन राखण्यासाठी. संपादनालाच हरकत घेऊन सुनावणी मागण्याचा हक्क कायद्यात आला तो 1923 च्या दुरुस्तीने. हरकतीवरचा शेवटचा शब्द तरीही सरकारचाच राहिला.

इंग्लंडने 1919 मध्ये ही जादा रक्कम बंद केली. भारतात ती वाढत गेली. 1984 मध्ये ती 30 टक्के झाली, शिवाय अधिसूचनेपासून वर्षाला 12 टक्के वेगळे मिळू लागले. ती टाळण्याच्या वाटाही निघाल्या. दर 15 टक्केच होता त्या काळात, नागपूर सुधार प्रन्यासच्या कायद्याखाली जमीन गेली, तर हे 15 टक्के मिळत नसत. एकाच सरकारने दोन कायद्यांनी दोन हिशेब लावणं समतेच्या हक्काला धरून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. पुढे 1997 च्या दुरुस्तीने राष्ट्रीय महामार्गांसाठी घेतलेल्या जमिनींनाही दिलाशातून वगळलं गेलं. ते वगळणं न्यायालयाने 2019 मध्ये घटनाबाह्य ठरवलं.

2013 चा कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला आणि दिलासा रक्कम 100 टक्क्यांवर गेली. खासगी कंपनीसाठी संपादन असेल तर 80 टक्के बाधित कुटुंबांची, सरकार-खासगी भागीदारी असेल तर 70 टक्क्यांची संमती त्याने आवश्यक केली. म्हणजे मुळशीकरांच्या नकाराला कायद्यात जागा मिळाली, पण ठरावीक प्रकल्पांपुरती, तीही बहुमताच्या अटीवर. सरकार स्वतःच्या धरणासाठी किंवा रस्त्यासाठी जमीन घेतं, तेव्हा ही संमतीची अट लागू होत नाही. पंधराचे शंभर झाले, पण हे पैसे ज्या सक्तीबद्दल द्यावे लागतात, ती सक्ती कायद्याने कधी सोडलीच नाही.