खुंटी आणि टोपी

मागच्या शनिवारी रात्री अकराला फोन वाजला. ज्युनिअर कॉलेजातला मित्र. वर्षा-दोन वर्षांतून एकदा आमचं बोलणं होतं, तेही कोणी गेलं किंवा कोणाचं लग्न ठरलं तरच. त्यामुळे नंबर बघून पोटात गोळाच आला. पण पहिलं वाक्य भलतंच. "अकरावीचं ते ब्लड ग्रुपचं प्रॅक्टिकल आठवतं का रे तुला?"

न आठवायला काय झालं! बायोलॉजीच्या लॅबमध्ये आम्ही ओळीने उभे, स्पिरिटचा बोळा, सुई टोचायच्या आधीच डोळे मिटलेली निम्मी पोरं. काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब, एकात निळं औषध टाकायचं, एकात पिवळं. निळ्यात गुठळ्या झाल्या तर ए, पिवळ्यात झाल्या तर बी, दोन्हीत झाल्या तर एबी, आणि कशातच नाही तर ओ. याचा ओ निघाला. सर गंमत म्हणून एकेकाला आई-बाबांचे गट विचारत होते. हा म्हणाला, बाबांचा एबी आहे, लायसन्सवर लिहिलंय. सर हसले. "एबी बापाला ओ मुलगा होतच नाही. घरी नीट विचारून ये." सगळा वर्ग हसला, मीही हसलो. सर पुढच्या मुलाकडे वळले.

त्या फोनचं पुढे सांगतोच. पण फोन ठेवल्यावर डोक्यात एक किडा वळवळायला लागला. हे "होतच नाही" आलं कुठून? कोणी ठरवलं, आणि कशाच्या जोरावर? तो सगळा रविवार त्यात गेला. (पंखे पुसायचे राहिले. बायकोची या पोस्टवरची कमेंट काय असेल ते आधीच माहीत आहे :) )

सुरुवात सगळ्यांना ठाऊक असते. १९०१ मध्ये व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनरने एकाचं रक्त दुसऱ्याच्या रक्तद्रवात मिसळून बघितलं आणि माणसांचे तीन गट पाडले. चौथा, एबी, त्याच्या सहकाऱ्यांना पुढच्या वर्षी सापडला. त्याला १९३० मध्ये नोबेल मिळालं, वगैरे वगैरे. मला जास्त रस होता तो हे गट आई-बापांकडून मुलांकडे कसे येतात त्यात.

१९१० मध्ये हायडेलबर्गला फॉन डुंगर्न आणि लुडविक हिर्शफेल्ड या दोघांनी कुटुंबंच्या कुटुंबं तपासून सांगितलं की रक्तगट मेंडेलच्या नियमाने चालतात. म्हणजे प्रत्येक गुणाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. त्यांची मांडणी मात्र अशी होती: ए चं एक स्वतंत्र बटण, बी चं दुसरं स्वतंत्र बटण. दोन्ही चालू तर एबी, दोन्ही बंद तर ओ. आता गंमत बघा. या मांडणीत एबी बापाला ओ मुलगा खुशाल होऊ शकतो! बापाच्या दोन्ही बटणांची एकेक बंद प्रत असली आणि नेमक्या त्याच मुलाला मिळाल्या, की झालं. आमचे सर १९१५ मध्ये शिकवत असते तर मित्राकडे बघून नुसती मान डोलावून पुढे गेले असते.

पुढे पहिलं महायुद्ध लागलं. हिर्शफेल्ड आणि त्याची डॉक्टर बायको हान्ना सर्बियन सैन्याबरोबर ग्रीसमधल्या सलोनिकाच्या आघाडीवर होते. तिथे दोस्तराष्ट्रांच्या फौजा जगभरातून आलेल्या: इंग्रज, फ्रेंच, सेनेगाली, व्हिएतनामी आणि हो, आपले भारतीय जवानही. नवरा-बायकोने संधी साधून हजारो लोकांची रक्तं तपासली आणि १९१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तक्ता छापला. त्यांचा उद्देश 'वंश' ओळखण्याचा होता, आणि त्या कल्पनेचं युरोपात पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. पण आकडे मात्र प्रामाणिक होते. बी गटाचं प्रमाण सगळ्यात जास्त निघालं ते भारतीयांत. त्यांचे आकडे: ओ ३१.३ टक्के, ए १९, बी ४१.२, एबी ८.५.

असल्याच आकड्यांवर फेलिक्स बर्नस्टाइनची नजर पडली. हा डॉक्टर नव्हे, ग्योटिंगेनचा गणिती. त्याने एकही थेंब रक्त न काढता, १९२४-२५ मध्ये, दोन बटणांची मांडणी मोडीत काढली.

मी तेच गणित एक्सेलमध्ये करून बघितलं. दोन बटणं खरंच स्वतंत्र असतील तर ए असणारे गुणिले बी असणारे म्हणजे एबी असणारे, बरोबर? ए असणारे म्हणजे १९ अधिक ८.५, २७.५ टक्के. बी असणारे ४९.७. गुणाकार १३.७ टक्के. प्रत्यक्षात एबी किती? ८.५. साफ चुकलं. आता बर्नस्टाइनची मांडणी: जागा एकच, तिथे तीन पर्याय, ए, बी किंवा ओ, आणि प्रत्येकाकडे त्यातले कुठलेही दोन. ओ आणि बी गटांच्या बेरजेचं वर्गमूळ काढून एकातून वजा करा, ए या पर्यायाचं प्रमाण मिळतं, ०.१४९. तसंच बी चं ०.२९१. दोघांच्या गुणाकाराची दुप्पट ८.७ टक्के. आणि सलोनिकात मोजलेले ८.५! शंभर वर्षांपूर्वी कुठल्याशा छावणीत बोट पुढे केलेल्या आपल्या जवानांचा हिशेब माझ्या लॅपटॉपवर असा जुळल्यावर अंगावर काटा आला, खोटं कशाला बोला.

आणि याच मांडणीतून ते वाक्य जन्माला आलं. जागा एक आणि एबी बापाकडे ए आणि बी असे दोनच पर्याय, म्हणजे मुलाला एक काहीतरी मिळणारच. ओ शक्यच नाही. १९२० च्या दशकातच जर्मनीतल्या कोर्टांत बाप कोण हे ठरवायला रक्तगटांचा पुरावा यायला लागला. तिथून पाठ्यपुस्तकांत, आणि पाठ्यपुस्तकांतून आमच्या फळ्यावर.

आता मुंबई.

परळचं केईएम हॉस्पिटल आणि त्याला जोडलेलं जी. एस. मेडिकल कॉलेज. तिथले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांच्यापुढे दोन पेशंट आले, एक अपघातात जखमी झालेला रेल्वे कामगार आणि एक भोसकाभोसकीतला. तपासणीत दोघांचा गट ओ. पण ओ गटाचं रक्त त्यांच्या रक्ताशी जुळवून बघितलं तर गुठळ्या! ए नाही, बी नाही, ओ सुद्धा नाही. दीडशेच्या वर लोकांचं रक्त पालथं घातल्यावर एक जुळणारा माणूस सापडला, तोही मुंबईचाच. नमुने लंडनला लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स या दिग्गजांनी पाहिले, आणि १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सगळ्यांच्या नावाने दीड-दोन पानांचा लेख आला. तोच हा बॉम्बे ब्लड ग्रुप. शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं, रक्ताचं राहिलं.

भानगड काय होती ते मला खुंटी आणि टोपीच्या भाषेत नीट कळलं. आपल्या लाल पेशींवर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. एक जनुक त्यांच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर लावतं. ही खुंटी, तिला एच म्हणतात. ए किंवा बी चं जनुक त्या खुंटीवर आपापली टोपी टांगतं. ओ वाल्यांकडे टोपी नाही, नुसत्या मोकळ्या खुंट्या. बॉम्बेवाल्यांकडे खुंटीच नाही! मग टोपी भले घरात असेल, टांगणार कुठे? निळं-पिवळं औषध फक्त टोपी शोधतं. ती दिसली नाही की आपण ओ लिहून मोकळे होतो.

आणि अशा शरीराने खुंटी कधी बघितलेलीच नसते, त्यामुळे ती परकी वाटते. मोकळ्या खुंट्या सगळ्यात जास्त कुठे? ओ रक्तात. म्हणजे ज्याला आपण सर्वदाता म्हणतो, तेच रक्त या माणसाला दिलं तर जिवावर बेततं. त्याला फक्त दुसऱ्या बॉम्बेवाल्याचंच रक्त चालतं. म्हणून रक्तपेढीत उलटी तपासणीही करतात: माणसाचा रक्तद्रव घेऊन त्यात ए, बी आणि ओ च्या माहीत असलेल्या पेशी टाकायच्या. ओ पेशींच्याही गुठळ्या झाल्या की पाल चुकचुकायला हवी.

आपल्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड वेगळा आणि स्क्रीनवरचं आउटपुट वेगळं. आउटपुट बघून कोडबद्दल छातीठोक बोललं की कधीतरी तोंडावर आपटायला होतं. १९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेविन आणि मंडळींनी इटालियन वंशाच्या एका कुटुंबात हेच पकडलं. आई ओ, बाप ए, आणि मुलगी एबी. मुलीचा बी आला कुठून? आईकडूनच. तिच्याकडे बी ची टोपी होती, खुंटी नव्हती. मुलीला बापाकडून खुंटीचं चांगलं जनुक मिळालं आणि आईची टोपी दिसायला लागली. कुणाच्या चारित्र्याचा काही संबंध नाही. नुसतं फळ्यावरच्या तक्त्यावर गेलं असतं तर त्या बाईचं काय झालं असतं, विचार करा.

पुढची गोष्ट अक्षरं वाचायची. १९९० मध्ये यामामोटो आणि सहकाऱ्यांनी ए-बी-ओ चं जनुक वाचलं. ते नवव्या गुणसूत्रावर असतं. नेहमीच्या ओ मध्ये फक्त एक अक्षर गळालेलं असतं. पण ही अक्षरं तीन-तीनच्या गटांनी वाचली जातात, त्यामुळे एक गळालं की पुढचं सगळं सरकतं आणि निरर्थक होतं. सीएसव्ही फाइलमधला एक स्वल्पविराम उडाल्यावर काय होतं ते ज्याने रात्री दोनला निस्तरलंय, त्याला वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी खुंटीचं जनुक, एफयूटी१, हाती आलं. ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतं. दोन जनुकं दोन वेगळ्या गुणसूत्रांवर, म्हणजे मुलांना मिळतात ती एकमेकांशी संबंध न ठेवता.

भारतीय बॉम्बेवाल्यांत या जनुकाचं ७२५ वं अक्षर टी ऐवजी जी निघालं, आणि शेजारच्या एफयूटी२ या जनुकाचा मोठा तुकडाच गायब. मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन नावाचं फ्रेंच बेट आहे. तिथेही खुंटी नसलेले किंवा अगदी अर्धवट असलेले लोक सापडले होते. १९९० च्या दशकात त्यांचं जनुक वाचलं तर दोन प्रकार निघाले. युरोपीय वंशाच्यांत चूक ३४९ व्या अक्षरावर, अगदी वेगळी. आणि भारतीय वंशाच्यांत? तीच, ७२५ वर टी चा जी, शेजारचा तुकडा गायब. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या मजुरांची ही नातवंडं-पतवंडं. भाषा बहुतेकांची गेली, अक्षर तेवढं राहिलं.

बरं, हे किती दुर्मीळ? भारतात साधारण दहा हजारांत एक असं धरतात. युरोपात दहा लाखांत एक. इथे हार्डी उपयोगी पडतो, तोच रामानुजनला केंब्रिजला बोलावणारा. १९०८ मध्ये त्याने एका पत्रात सांगितलेलं सूत्र लावलं तर, दोन्ही प्रती बिघडलेले दहा हजारांत एक, म्हणजे बिघडलेली प्रत शंभरात एक, म्हणजे एकच बिघडलेली प्रत घेऊन हिंडणारे पन्नासात एक. ऑफिसच्या एका मजल्यावर दोनशे लोक असतील तर चार. त्यांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. दोन असे लोक एकमेकांशी लग्न करतात तेव्हा चारात एक शक्यता. आणि आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत! सख्ख्या मामे-आतेभावंडांच्या मुलांत हाच आकडा दहा हजारांत एकावरून सातावर जातो.

तर मित्र बॉम्बे गटाचा होता का? खरं सांगू, रविवारी दुपारी हे सगळं वाचताना मला तसं वाटून जाम एक्साइट व्हायला झालं होतं, फोनवर त्याने काय सांगितलं ते माहीत असूनही. पण नीट विचार केला तर एका बाजूला दहा हजारांत एक, आणि दुसऱ्या बाजूला कॉलेजच्या लॅबमधल्या उघड्या कपाटात महिनोन् महिने पडलेली, खरं तर फ्रिजमध्ये ठेवायची, निळ्या-पिवळ्या औषधाची बाटली. पैज कशावर लावाल?

त्याच्या बाबांची बायपास होती. हॉस्पिटलने रक्तदाते आणायला सांगितले. हा गेला, कारण मुलाने नाही जायचं तर कोणी. रक्तपेढीने रीतसर तपासून हातात कार्ड दिलं: बी पॉझिटिव्ह. आणखी एकदा तपासा म्हणाला, तर बाईंनी वैतागून तपासलं. बी पॉझिटिव्ह.

"मधल्या वर्षांत कधीच नाही तपासलंस?" मी विचारलं. "ऑफिसात कॅम्प असतात की."

"कॅम्पच्या दिवशी सुट्टी घ्यायचो."

"घरी विचारलं नाहीस?"

"कोणाला विचारणार? आईला?"

मला काही बोलता येईना. आईला जाऊन सहा वर्षं झाली. मग तोच म्हणाला की ऑपरेशन झाल्यावर आयसीयूच्या काचेतून बाबांचं नाक बघत अर्धा तास उभा होता, आपल्यासारखंच आहे की हे, पहिल्यापासूनच होतं. लॅबमध्ये मीही हसलो होतो, ते त्याला बोलून दाखवलं. "सगळेच हसले होते रे," म्हणाला. बाबा बरे आहेत, जनरल वॉर्डात आणलंय, सिस्टरशी चहावरून भांडतायत.

मग अचानक गंभीर झाला. लायसन्सचा फॉर्म स्वतःच भरला होता ना, त्यामुळे तिथे ओ लिहिलंय, ऑफिसच्या आयडी कार्डावरही ओ.

"ते बदलायचं कसं असतं रे? ऑनलाइन होतं का?"