शवविच्छेदनाचा पहिला धडा : पंडित मधुसूदन गुप्त

डॉक्टर होणे ही आज आपल्याकडे मानाची गोष्ट समजली जाते. मुलाला अथवा मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला की मोहल्ल्यात मिठाई वाटली जाते. परंतु या विद्येची एक शाखा अशी होती की, ती पत्करणाऱ्या माणसाला आपण जातीबाहेर टाकले जाऊ अशी धास्ती वाटावी. ती शाखा म्हणजे शरीररचनाशास्त्र. मृत देह उघडून पाहिल्याशिवाय हे शास्त्र शिकता येत नाही, आणि मृत देहाला हात लावणे म्हणजे विटाळ. इंग्रजी अमलात आपल्या देशात ही शाखा ज्यांनी प्रथम उघडपणे स्वीकारली, ते कोणी बंडखोर तरुण नव्हते. ते संस्कृतचे पंडित होते, वैद्यकुळात जन्मलेले होते आणि त्या वेळी पस्तिशीच्या आसपासचे होते. त्यांचे नाव पंडित मधुसूदन गुप्त.

मधुसूदन यांचा जन्म १८०० च्या सुमारास बंगालमधील हुगळी जिल्ह्यातील वैद्यबाटी येथे झाला. घराण्यात आयुर्वेदाची परंपरा होती. अभ्यासात लक्ष नाही म्हणून वडिलांनी रागे भरले आणि मुलगा घर सोडून निघून गेला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात आयुर्वेदाचा वर्ग निघाला, तेथे ते विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १८३० साली त्याच वर्गाचे अध्यापक झाले. कालचा सोबती आज गुरूच्या आसनावर बसलेला पाहून सहाध्यायी नाराज झाले. स्वकीयांच्या रोषाची त्यांची ओळख अशी लवकरच झाली होती.

येथे थोडे मागे जाणे जरूर आहे. प्रेताचा विटाळ मानणाऱ्या या देशातच सुश्रुताने शवपरीक्षेची रीत लिहून ठेवलेली आहे. प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात दिवस कुजू द्यावे आणि मग कुंचीने हळूहळू घासून त्वचेपासून आतील एकेक भाग डोळ्यांनी पाहावा, असे तो सांगतो. पोथी राहिली, पण रीत गेली. आपल्या युनानी हकिमांच्या परंपरेतही असाच पेच दिसतो. काहिरा येथे १२८८ साली वारलेले इब्न अन्-नफीस यांनी इब्न सीना यांच्या शरीरशास्त्रावर भाष्य लिहिताना, हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांतून डाव्या बाजूस जाते हे स्पष्टपणे मांडले. जालिनूसच्या हजार वर्षांच्या मतास हा उघड विरोध होता. तरी त्याच ग्रंथाच्या आरंभी, शरीअत आणि मनातील दया यांमुळे आपण विच्छेदनापासून दूर राहिलो, असे ते नमूद करतात. म्हणजे ज्ञानाची भूक आणि समाजाची मर्यादा यांची ओढाताण कोणा एकाच धर्माच्या वाट्याला आलेली नाही.

आणि युरोप तरी कोठे मोकळा होता? इंग्लंडात १८३२ पूर्वी विच्छेदनासाठी कायद्याने मिळत ती फाशी दिलेल्या खुन्यांची प्रेते. ती पुरत नसत म्हणून कबरी उकरणारे चोर निर्माण झाले. एडिंबरोत बर्क आणि हेअर या दोघांनी तर १८२८ सालापर्यंत सोळा माणसे मारून त्यांची प्रेते शरीरशास्त्राच्या शिक्षकाला विकली. तेव्हा हिंदुस्थानी माणूस तेवढा अंधश्रद्ध, हे त्या काळच्या साहेबांचे म्हणणे आपण जसेच्या तसे घेण्याचे कारण नाही.

कलकत्त्यात १८२२ साली निघालेल्या नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशनमध्ये फौजेसाठी देशी वैद्य तयार केले जात. संस्कृत कॉलेजात आयुर्वेद आणि कलकत्ता मदरशात युनानी वैद्यक शिकवीत. इंग्रज डॉक्टर टायटलर यांनी हूपरच्या शरीररचनेवरील पुस्तकाचे अरबीत भाषांतर केले, आणि त्याच पुस्तकाचे संस्कृत भाषांतर मधुसूदन यांनी केले. एकच इंग्रजी ग्रंथ मौलवींसाठी अरबीत आणि पंडितांसाठी संस्कृतात, अशी ती वेळ होती. परंतु विद्यार्थ्यांना पाहायला मिळत ती मेणाची चित्रे, सुटी हाडे, फार तर बकऱ्याचे शरीर. माणसाचे शरीर पुस्तकातच राहिले.

लॉर्ड बेंटिंक यांच्या २८ जानेवारी १८३५ च्या हुकुमाने हे तिन्ही वर्ग बंद झाले आणि जात व धर्म न पाहता प्रवेश देणारे नवे मेडिकल कॉलेज उघडले. देशी वैद्यकाच्या दृष्टीने हा हुकूम कठोरच होता, हे म्हणणे भाग आहे. आयुर्वेद आणि युनानी यांची शाळेतली जागा त्याने एका फटक्यात काढून घेतली. मधुसूदन मात्र नव्या कॉलेजात शिक्षक म्हणून आले. प्राध्यापक गुडीव्ह शरीरशास्त्र शिकवीत आणि मधुसूदन त्यांचे साहाय्यक.

आता प्रश्न उभा राहिला तो प्रत्यक्ष विच्छेदनाचा. विद्यार्थी बहुतेक उच्चवर्णीय हिंदू होते. प्रेत हाताळणे हे काम स्मशानातील डोमांचे. ते आपल्या मुलाने केले तर त्याचे लग्न कसे जमणार, घरात पंगतीला कोण बसणार, श्राद्धाला भटजी येतील काय, या चिंता घरोघर होत्या. त्या चिंतांना आज हसणे सोपे आहे. ज्या काळी जात हाच माणसाचा आधार, विमा आणि न्यायालय होते, त्या काळी तिच्या विरुद्ध जाणे म्हणजे आजारपणात पाणी द्यायलाही कोणी नसणे. मधुसूदन यांनी या चिंतेला शास्त्राच्याच भाषेत उत्तर दिले. सुश्रुत त्यांना मुखोद्गत होता. वैद्याने शव पाहावे ही आज्ञा आपल्याच ग्रंथात आहे, असे सांगण्याचा अधिकार इंग्रज प्राध्यापकाला नव्हता. तो या पंडिताला होता. माझ्या मते त्यांच्या निवडीचे खरे मोल येथे आहे. त्यांनी समाजाकडे पाठ फिरविली नाही, समाजाच्याच पोथीचे विसरलेले पान उघडून त्याच्यासमोर धरले.

तो दिवस १८३६ सालातला. काही जण १० जानेवारी सांगतात, तर काही २८ ऑक्टोबर. कॉलेजच्या आवारातील एका वखारीवजा खोलीत प्रेत ठेवले होते. लोकांचा जमाव आत घुसेल या भीतीने फाटक बंद केले होते. मधुसूदन हातात सुरी घेऊन गुडीव्ह यांच्या मागोमाग आत गेले. विद्यार्थी दारांशी आणि झिलमिल्यांशी गर्दी करून, श्वास रोखून पाहत होते. पंडितांनी छातीवर एक लांब, खोल छेद घेतला, तेव्हा कोठे बाहेरच्यांचा अडकलेला श्वास सुटला. हे वर्णन बेथून साहेबांच्या १८४९ सालच्या भाषणावरून आलेले आहे. त्या वर्षी मधुसूदन यांचे तैलचित्र त्यांनी कॉलेजला भेट दिले. कलकत्त्यात मुलींची शाळा काढणारे बेथून ते हेच. पण ते हिंदुस्थानात आले १८४८ साली, म्हणजे हा प्रसंग त्यांनी पाहिलेला नव्हता, एवढे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. या प्रसंगी फोर्ट विल्यममधून तोफांची सलामी झाली, असेही मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. फाटक बंद करून, गुपचूप केलेल्या कामाला तोफांनी दवंडी कोण पिटेल? ती कथा मला पटत नाही.

मधुसूदन यांच्यासोबत उमाचरण सेठ, राजकृष्ण डे, द्वारकानाथ गुप्त आणि नवीनचंद्र मित्र हे चार विद्यार्थी पुढे आले. एकदा वाट फुटल्यावर चालणारे वाढले. १८३७ साली कॉलेजात ६० शवांचे विच्छेदन झाले, पुढच्या वर्षी त्याच्या दुप्पट आणि १८४४ साली पाचशेहून अधिक. हे आकडे वाचताना दुसराही विचार मनात येतो. ही शवे होती बेवारस गरिबांची. सुरी धरणाऱ्याने काय सोसले हे इतिहासाने नोंदले. सुरीखाली जो होता त्याला कोणी विचारले नव्हते, त्याचे नावही कोठे नाही.

एका दिवसाचे धाडस पुष्कळांना साधते. मधुसूदन या शाखेत पुढे वीस वर्षे टिकले, हे मला अधिक अवघड वाटते. नाडी पाहून, काढे देऊन प्रतिष्ठेने जगण्याचा घरचा मार्ग त्यांना खुलाच होता. त्याऐवजी ते विच्छेदनगृहात उभे राहिले. आपल्याजवळ नव्या विद्येची पदवी नाही ही उणीव त्यांना जाणवली असावी, कारण १८४० साली, चाळिशीच्या घरात असताना, ते स्वतः परीक्षेला बसले आणि प्रमाणपत्र मिळविले. ज्या परीक्षेसाठी आपण विद्यार्थी तयार करतो तिलाच स्वतः बसावे, ही गोष्ट आम्हा शिक्षकांना किती जड जाते ते आम्हीच जाणतो. पुढे कॉलेजच्या हिंदुस्थानी वर्गाचे आणि १८५२ साली निघालेल्या बंगाली वर्गाचे काम त्यांच्याकडे आले. इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी लंडनच्या औषधिकोशाचे बंगालीत भाषांतर केले आणि शरीररचनेवर बंगालीत पुस्तक लिहिले. शहराच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या सरकारी समितीपुढे साक्ष देताना, बाळंतिणींना कसल्या कोंदट जागेत ठेवतात हेही त्यांनी सांगितले.

आपल्या मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले, आणि भाऊ दाजी लाड त्याच्या पहिल्या तुकडीत होते. त्या तुकडीला विच्छेदनाच्या टेबलाजवळ जाताना कलकत्त्याचे दहा वर्षांचे उदाहरण समोर होते. त्याच १८४५ साली कलकत्त्याचे चार विद्यार्थी गुडीव्ह यांच्याबरोबर समुद्र ओलांडून पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. प्रेताच्या विटाळानंतर आता समुद्रगमनाच्या निषेधाची पाळी होती.

मधुसूदन यांना मधुमेह जडला होता. त्यातच जंतुदोष होऊन १५ नोव्हेंबर १८५६ रोजी त्यांचे निधन झाले. शेवटपर्यंत ते त्याच कॉलेजच्या सेवेत होते.