जहाजाचा कणा

२ डिसेंबर १९४९ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, वाइट बेटाच्या पूर्वेस, ‘इम्प्लॅकेबल’ नावाचे शिडाचे लढाऊ जहाज मुद्दाम बुडविण्यात आले. फ्रान्समध्ये १८०० साली ते पाण्यात उतरले होते. १८०५ मध्ये ट्रफाल्गारनंतर थोड्याच दिवसांत इंग्रजांनी ते पकडले. पुढे जवळजवळ दीडशे वर्षे ते त्यांच्याकडे राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र दुरुस्तीचा खर्च उचलण्यास इंग्लंड तयार होईना आणि फ्रान्सही होईना. तेव्हा पोटात लोखंडाचे वजन भरून, दोन्ही देशांची निशाणे फडकावून त्याला सुरुंग लावले. तळ फुटला, तरी वरचा सांगाडा बराच वेळ तरंगतच राहिला.

त्या वेळी याच जहाजाचे एक सोबती पोर्टस्मथ बंदरात उभे होते. त्याचे तेव्हाचे नाव ‘फूद्रोयां’, पण जन्मनाव ‘त्रिंकोमाली’. आणि जन्मस्थान आपली मुंबई! १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ते मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरले. वाडिया घराण्याच्या रीतीप्रमाणे त्याच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला होता. कणा म्हणजे जहाजाच्या तळाशी पुढपासून मागपर्यंत जाणारे मुख्य लाकूड; पश्चिम किनाऱ्यावरचे गलबते बांधणारे कारागीर त्याला ‘पठाण’ म्हणतात. सगळ्या बरगड्या त्यावरच उभ्या राहतात. म्हणून जुन्या जहाजाचे काय करावे, हा प्रश्न आला की पहिली चौकशी कण्याची करावी लागते.

पण दीडशे वर्षांच्या डांबराने आणि खाऱ्या पाण्याने काळे पडलेले लाकूड ओळखावे कसे? रंगावर विसंबून चालत नाही. धारदार पटाशीने आतली ढलपी काढावी, आडवा छेद गुळगुळीत करावा आणि भिंगातून पाहावा. ओक असेल, तर गाभ्यापासून सालीकडे जाणारे रुंद पट्टे दिसतात. एल्म असेल, तर बारीक छिद्रांच्या नागमोडी ओळी दिसतात. साग असेल, तर छिद्रांची वर्तुळे दिसतात, बोटाला तेलकट लागते आणि जुन्या चामड्यासारखा वास येतो. लोखंडी खिळ्याभोवतीचे लाकूड निळसर काळे झाले असेल, तर ओकचा संशय बळावतो. कारण ओकमधील आम्ल लोखंड खाते आणि लोखंडामुळे ओकही काळवंडतो. सागाचे तेल मात्र लोखंडाला सांभाळते.

इंग्रज कारागीर कण्यासाठी बहुधा एल्म वापरीत, कारण सतत पाण्याखाली राहिला तर तो कुजत नाही. बाकीचा सांगाडा ओकचा. पुढे नेपोलियनशी लढताना त्यांना ओकचा तुटवडा भासू लागला आणि त्यांची दृष्टी मुंबईच्या सागवानी जहाजांकडे वळली. १८१० मध्ये ‘मिंडेन’ झाले, १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’, १८१५ मध्ये ‘वेलस्ली’. १८४२ चा नानकिंगचा तह ‘कॉर्नवॉलिस’वरच झाला.

या गौरवाबरोबर आणखी एक गोष्ट सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. हा साग मलबारच्या रानातून येई. आरमाराला लाकूड कमी पडू नये म्हणून कंपनीने १८०६ मध्ये तिथे जंगलांवर अधिकारी नेमला. स्थानिक मालकांचे हक्क त्यापुढे टिकले नाहीत, आणि तक्रारी इतक्या वाढल्या की १८२३ मध्ये ते पदच रद्द करावे लागले. पुढे १८४० नंतर निलंबूरला सागाची लागवड हाती घ्यावी लागली. कण्यात चांदीचा खिळा असतो, तसे तोडलेले रानही असते. दोन्ही वाचता आली पाहिजेत.

‘त्रिंकोमाली’लाही १८९७ मध्ये मोडीत काढण्यासाठी विकले होते. एका हौशी गृहस्थाने, जेफ्री व्हीटली कॉब यांनी, ते विकत घेतले म्हणून ते वाचले. पुढे ते मुलांना दर्यावर्दीपणा शिकवीत राहिले. १९८७ मध्ये ते हार्टलपूलला नेण्यात आले, आणि २००१ मध्ये जीर्णोद्धार पुरा झाला, तेव्हा निम्म्याहून अधिक लाकूड मूळचेच निघाले. त्याच्या भावंडांना हे भाग्य लाभले नाही. ‘वेलस्ली’ १९४० च्या बाँबहल्ल्यानंतर टेम्स नदीत बुडाले. ‘कॉर्नवॉलिस’ १९५७ मध्ये मोडले.

‘इम्प्लॅकेबल’ बुडाल्यावर इंग्लंडात मोठी हळहळ झाली. जुनी जहाजे जपण्यासाठी १९७९ मध्ये जी संस्था निघाली, तिने ‘इम्प्लॅकेबल पुन्हा नाही’ हेच ब्रीद घेतले. परंतु शहाणपण तीस वर्षे उशिरा आले. प्रत्येक जुनी वस्तू ठेवता येत नाही, हे आम्हांलाही मान्य आहे. आमचे म्हणणे एवढेच, की मोडीचा भाव ठरविण्यापूर्वी कोणीतरी खाली उतरून कणा पाहावा. तो कोणत्या लाकडाचा, कोणत्या रानातला, कोणाच्या हातचा, हे कळल्यावर मग निर्णय घ्यावा. ते न पाहता बुडविले, तर आपण काय गमावले हे सांगायलाही कोणी उरत नाही.