मनीऑर्डरमधली देवी

शेतातली कामं उरकून, चुलीवरचं उतरवून रेडिओपाशी बसला असाल. आज आपण एका शब्दाची गोष्ट ऐकायची आहे. शब्द आहे मनी. मांजर नव्हे बरं का, मनीऑर्डरमधला मनी!

माझ्या लहानपणी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमन दिसला की सगळी आळी दारात यायची. कुणाचा मुलगा मुंबईला गिरणीत, कुणाचा नवरा गोदीत. टपाल खात्यानं १८८० साली मनीऑर्डर सुरू केली आणि पुढं कोकणातल्या, घाटावरच्या कितीतरी चुली तिच्यावर पेटल्या. आमच्या घरची मनीऑर्डर आजीच्या नावावर यायची. पोस्टमन शाईची डबी काढायचा, आजी अंगठा उठवायची, पोस्टमन नोटा मोजायचा आणि त्या नोटा जायच्या आजोबांच्या बंडीच्या खिशात. नाव आजीचं, अंगठा आजीचा, पैसे आजोबांचे. आम्हा पोरांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पुढं शिकताना कळलं की ‘मनी’ हा शब्दच मुळी एका बाईच्या नावावरून आलाय. साधीसुधी बाई नव्हे, देवी. आणि तिची गोष्टही काहीशी आमच्या आजीसारखीच आहे.

ही देवी रोमची. रोम म्हणजे आजच्या इटली देशाची राजधानी. अडीच हजार वर्षांपूर्वी तिथं लोक अनेक देव मानत. देवांचा राजा जुपिटर आणि त्याची राणी जुनो. जुनो ही बायकांची राखणदार. लग्न ठरलं की तिचं नाव, बाळंतीण अडली की तिचा धावा. ज्या महिन्यात आपण पेरणीसाठी आभाळाकडं डोळे लावतो, त्या जून महिन्याचं नावही तिच्यावरूनच पडलं असं बहुतेक जण मानतात.

रोममध्ये कॅपिटोल नावाची टेकडी आहे. गावाचा बालेकिल्लाच म्हणा ना. तिथं जुनोच्या नावानं सोडलेली हंसाच्या जातीची मोठी बदकं असत. इसवी सनापूर्वी ३९० च्या सुमाराला उत्तरेकडच्या गॉल टोळ्यांनी रोमवर हल्ला केला. गाव पडलं, उरलेले लोक टेकडीवर अडकले. खायला अन्न नव्हतं, तरी देवीची बदकं कुणी मारली नाहीत. मग एका रात्री शत्रू अंधारात कडा चढून वर आला. पहारेकरी झोपलेले, कुत्रीही गप्प. ओरडली ती बदकं! त्या कलकलाटानं मानलियस नावाचा सरदार जागा झाला. सगळ्यात पुढं चढून आलेल्या शत्रूला त्यानं खाली लोटलं आणि टेकडी वाचली.

इथवरची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पुढची मात्र बचत गटातल्या बायांनी ऐकायलाच हवी.

लढाई संपली, पण लोक कर्जात बुडाले. जळालेली घरं पुन्हा बांधायची होती, पैसा होता सावकारांकडं. त्या काळी रोममध्ये कर्ज फिटलं नाही तर सावकार कर्जदाराला धरून नेई आणि राबवून घेई. आपल्याकडच्या वेठबिगारीसारखंच. लिव्ही नावाच्या रोमन इतिहासकारानं लिहिलंय की लढाईत नाव कमावलेल्या एका शिपायाला असंच भर चौकातून ओढून नेत होते. मानलियस पुढं आला, सगळ्यांच्या देखत त्यानं पैसे मोजले आणि त्याला सोडवलं. मग त्यानं आपली जमीन विकायला काढली. गाठीला काही आहे तोवर कर्जापायी कुणाला नेऊ देणार नाही, असं तो म्हणाला.

उमरावांना हे खपलं नाही. याला राजा व्हायचंय, म्हणून हा लोकांना वश करतोय, असा आरोप ठेवून त्याच्यावर खटला चालवला. मानलियसनं जवळपास चारशे माणसं साक्षीला उभी केली. त्या सगळ्यांना त्यानं बिनव्याजी पैसे दिले होते. पण उपयोग झाला नाही. इसवी सनापूर्वी ३८४ साली त्याला त्याच टेकडीच्या कड्यावरून ढकलून मारलं. त्याचं घर पाडलं आणि यापुढं कुठल्याही उमरावानं या टेकडीवर राहायचं नाही असा कायदा केला.

त्या मोकळ्या जागेवर चाळीस वर्षांनी, इसवी सनापूर्वी ३४४ साली, देऊळ बांधलं. ते देऊळ जुनो मोनेटाचं.

जुनो कळली, मग मोनेटा म्हणजे काय? लॅटिन ही रोमची भाषा. तिच्यात ‘मोनेरे’ म्हणजे सावध करणं, आठवण करून देणं. शाळेत वर्गावर लक्ष ठेवणारा मॉनिटर असतो ना, तो शब्द याच मुळातून आलाय. म्हणून मोनेटा म्हणजे सावध करणारी, असा अर्थ रोमचे लोकच सांगत. तिनं केव्हा सावध केलं, याच्या मात्र निरनिराळ्या गोष्टी आहेत. कुणी बदकांकडं बोट दाखवतं. सिसेरो नावाच्या लेखकानं दुसरीच हकीकत दिलीय. भूकंप झाला तेव्हा जुनोच्या देवळातून आवाज आला, गाभण डुकरीण बळी द्या. हाच सिसेरो दुसरीकडं थट्टेनं विचारतो, त्या डुकरिणीनंतर देवीनं आम्हाला कशाची सूचना दिली बरं?

मला आवडते ती तिसरी गोष्ट. ती पुष्कळ नंतरच्या एका ग्रीक कोशात सापडते. एका मोठ्या युद्धात रोमचा खजिना आटला. लोक जुनोला शरण गेले. देवी म्हणाली, न्यायानं वागाल तर पैशाला कमी पडणार नाही. आणखीही एक बारकी पण मोलाची गोष्ट आहे. एका जुन्या रोमन कवीनं ग्रीकांच्या स्मृतिदेवीसाठी लॅटिनमध्ये मोनेटा हेच नाव वापरलं होतं. म्हणजे सावध करणारी, न्यायाची आठवण देणारी आणि ध्यानात ठेवणारी, अशी ही देवी. आपल्या गटाच्या हिशेबाच्या वहीला याहून चांगली देवी कुठली मिळणार!

पुढं या देवळाला लागूनच रोमची टांकसाळ उभी राहिली. मानलियसचं घर होतं तिथंच आता मोनेटाचं देऊळ आणि कारखाना आहे, असं लिव्ही स्पष्ट लिहितो. ज्या जागी बिनव्याजी कर्ज देणारा माणूस राहत होता, तिथंच चांदीच्या नाण्यांवर हातोडे पडू लागले.

नाणं कसं पाडत तेही सांगते. धातूची गोल चकती तापवायची, ऐरणीत बसवलेल्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. एका घावात दोन्ही बाजू उमटल्या पाहिजेत. इसवी सनापूर्वी ४६ च्या सुमाराचं एक चांदीचं नाणं फार बोलकं आहे. एका बाजूला मोनेटाचा चेहरा आणि तिचं नाव. दुसऱ्या बाजूला ऐरण, हातोडा आणि सांडशी! एकीकडं देवी, दुसरीकडं लोहाराची हत्यारं.

आता देवीचं नाव नाण्याला कसं चिकटलं? पैठणला विणलेली साडी, तिला आपण पैठणी म्हणतो. बोलता बोलता गावाचं नाव वस्तूला लागतं. तसंच झालं. आधी मोनेटा म्हणजे देवी, मग मोनेटा म्हणजे तिच्या देवळालगतची टांकसाळ, आणि शेवटी मोनेटा म्हणजे तिथून बाहेर पडलेलं नाणं. देवी राहिली देवळात, नाव गेलं बाजारात.

इंग्लंडात तर हे नाव दोन दारांनी शिरलं. पहिल्यांदा फार जुन्या काळी ते ‘मिनेट’ होऊन गेलं. त्याचा अर्थ नाणं. त्याचंच पुढं ‘मिंट’ झालं, म्हणजे टांकसाळ. नंतर १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यांच्या फ्रेंच बोलीत मोनेटाचं ‘मोनेई’ झालं होतं. त्याचा इंग्रजांनी केला ‘मनी’. आणि इंग्रजांबरोबर हा शब्द आला आपल्या पोस्टमनच्या पिशवीत.

मैत्रिणींनो, इथं थोडं थांबूया. पैशाला बाईचं नाव मिळालं, पण रोमच्या बाईच्या हातात पैसा होता का? तिला मत नव्हतं, सरकारी पद नव्हतं. बहुतेक बायकांना मालमत्तेचे मोठे व्यवहार करायला पुरुष पालकाची संमती लागे. नाण्यावर देवी, व्यवहारात पुरुष. आमच्या आजीच्या मनीऑर्डरसारखंच.

पण एकदा बाया बोलल्या. इसवी सनापूर्वी ४२ साली रोमवर तिघांचं राज्य होतं आणि आपसातलं युद्ध चालू होतं. युद्धाला पैसा हवा, म्हणून त्यांनी हुकूम काढला की सगळ्यात श्रीमंत अशा १४०० बायकांनी आपल्या मालमत्तेचा हिशेब द्यावा आणि त्यावर पैसे भरावेत. बायका आधी त्या राज्यकर्त्यांच्या घरच्या बायकांना जाऊन भेटल्या. एकाच्या बहिणीनं ऐकून घेतलं, दुसऱ्याच्या आईनं ऐकून घेतलं, पण त्याच्याच बायकोनं दारातून परत लावलं. तेव्हा त्या सगळ्या मिळून भर चौकात, राज्यकर्त्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. हॉर्टेन्सिया त्यांच्या वतीनं बोलली. तिचं म्हणणं सरळ होतं. पदं तुमची, मानमरातब तुमचे, कारभार तुमचा, त्यात आम्हाला वाटा नाही, मग कर आम्ही का भरायचा?

राज्यकर्ते चिडले. बायकांना हाकलून द्या म्हणून शिपायांना सांगितलं. पण बाहेरच्या लोकांनीच ओरडा केला आणि शिपाई थांबले. दुसऱ्या दिवशी यादी १४०० वरून ४०० वर आली आणि पैसेवाल्या पुरुषांनाही भरणा करायला लावला. हॉर्टेन्सियाचं ते भाषण पुढं शंभराहून अधिक वर्षं वाचलं जात होतं. ते केवळ बाईनं केलं म्हणून कौतुकानं नव्हे, असं क्विंटिलियन नावाच्या नामांकित शिक्षकानं लिहून ठेवलंय.

तुम्ही म्हणाल, हे सगळं झालं रोमचं. आपल्या शब्दांचं काय? तर ऐका. आपण ‘दाम’ म्हणतो, तो मूळचा ग्रीक लोकांच्या ‘द्राख्मे’ या नाण्यापासून आलेला, वाटेत ‘द्रम्म’ होऊन. आणि ‘नाणं’? संस्कृतात ‘नाणक’ आहे, त्यावरून नाणं. सुमारे १९०० वर्षांपूर्वी उत्तरेत कुषाणांचं राज्य होतं, कनिष्क राजाचं नाव ऐकलं असेल. त्याच्या नाण्यांवर नाना नावाची एक देवी आहे, नावासकट. तिच्यावरूनच ‘नाणक’ शब्द आला असावा असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर इंग्रजाच्या मनीत एक देवी आणि आपल्या नाण्यातही एक देवी!

मोनेटा शेवटची आपल्या दारी आली ती ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री. पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या. आपण तिला नोटबंदी म्हटलं, इंग्रजीत तिला डिमॉनेटायझेशन म्हणतात. नीट ऐका, डि-मॉनेट-आयझेशन. त्या लांबलचक शब्दाच्या पोटात मोनेटाच बसलीय. त्या दिवसांत तांदळाच्या डब्यातून, डाळीच्या बरणीतून, उशीच्या अभ्ऱ्यातून बायकांनी वर्षानुवर्षं साठवलेल्या नोटा बाहेर काढाव्या लागल्या. कित्येकींची बचत घरात पहिल्यांदाच उघडी पडली. लेकीच्या शाळेसाठी, दुखण्याखुपण्यासाठी ठेवलेला तो पैसा. बँकेत खातं नाही, किंवा खातं आहे पण पासबुक दुसऱ्याच्या हातात, अशी अनेकींची गत झाली.

मागं आमच्या गटाच्या बैठकीत एका मैत्रिणीला विचारलं, तुझ्या खात्यावर शिल्लक किती गं? ती म्हणाली, घरी विचारून सांगते. खातं तिच्या नावाचं, सही तिची. मला एकदम आजीचा शाई लागलेला अंगठा आठवला.

नाव लागणं ही मोठी गोष्ट आहे, नाही कशाला म्हणू? घर, शेत, खातं, कर्ज, सगळ्यावर बाईचं नाव लागायलाच हवं. पण मोनेटाची गोष्ट सांगते की नाव दोन हजार वर्षं नाण्यावर राहू शकतं आणि तरी पैसा दुसऱ्याच्याच हातात असू शकतो. म्हणून नावाबरोबर हिशेबही आपल्याला ठाऊक हवा. किती आले, किती गेले, व्याज किती, कर्ज कुणी उचललं आणि वापरलं कुणी.

तेव्हा येत्या बैठकीत एवढंच करूया. प्रत्येकीनं आपलं पासबुक स्वतः घेऊन यायचं. जिला वाचता येत नाही तिला शेजारणीनं वाचून दाखवायचं. आणि प्रत्येकीनं आपली शिल्लक आपल्या तोंडानं सांगायची. कुणी विचारलं, हे काय नवीन खूळ? तर सांगा, मोनेटानं आठवण करून दिलीय.

बरंय तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.